मामा, शांततेनं काय भेटलं?

१४ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ. नामविस्तार दिन. विद्यापीठ गेटसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतांचे भोंगे आणि खेड्यापाड्यांतून लेकरंबाळं घेऊन आलेल्या आयाबाया. मी दरवर्षी तिथे असतो. त्या दिवशी माझ्यासोबत भाचा होता, अक्काचा धाकटा. औरंगाबादलाच (कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर) कायद्याचं शिक्षण घेतो. वय बावीस.

साधारण महिन्यापूर्वी, १० डिसेंबरला, परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली होती. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, पोलिसांनी वस्त्यांमध्ये धरपकड केली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. तोही कायद्याचाच विद्यार्थी. माझ्या भाच्यासारखाच वही-पुस्तकं घेऊन फिरणारा.

गर्दीतून बाहेर पडून आम्ही चहाच्या गाड्यावर थांबलो. तेव्हा पोरगं म्हणालं, "मामा, भाषण नका देऊ, खरं सांगा. शांततेनं काय भेटलं आपल्याला?"

मित्रांनो, मी पंचवीस वर्षं चळवळीत आहे. सभेत कुणी असा प्रश्न विचारला असता तर बाबासाहेबांचं नाव घेऊन अर्धा तास बोललो असतो. तिथे मला बोलता आलं नाही. कारण आदल्या रात्री मी त्याच्या मोबाईलवर एक ग्रुप पाहिला होता. पोरं लिहीत होती, जाळल्याशिवाय हे ऐकणार नाहीत. आणि त्याखाली माझ्या भाच्याचा अंगठा होता.

मला दोन भीती वाटल्या. पहिली साधी, मामाची भीती: एक गुन्हा दाखल झाला की वकिलीची सनद, नोकरी, सगळं संपलं. दुसरी भीती कार्यकर्त्याची होती: याच्या प्रश्नाला माझ्याकडे खरोखर उत्तर आहे का? त्यानंतरचे काही महिने मी ते उत्तर शोधण्यात घालवले. जगभरातले अभ्यासक ज्याला 'रॅडिकलायझेशन' म्हणतात, म्हणजे माणूस अतिरेकाकडे कसा वळतो आणि तिथून परत कसा येतो, यावरचं जे मिळेल ते वाचलं. वाचता वाचता प्रश्नच उलटा झाला. तो कसा, ते सांगतो.

आधी घरचं सांगायला हवं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. शेकडो गावांत बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत जाळण्यात आलं. आमचं गावही नांदेड जिल्ह्यातलंच. मी सहा वर्षांचा होतो, अक्का दहाची. रात्री आईनं आम्हाला ज्वारीच्या रानातून ओढ्यापलीकडे नेलं. सकाळी परत आलो तेव्हा घराच्या भिंती उभ्या होत्या आणि आत राख होती. पत्र्याची पेटी काळी पडली होती. त्या पेटीत अक्काचा शाळेचा दाखला होता. ती चौथी पास झाली होती, पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जायचं होतं. दुसरा दाखला हातात पडेपर्यंत दीड वर्ष गेलं. तोवर अक्का खुरप्याला लागली होती. पुढे लग्न. ती पुन्हा शाळेत गेलीच नाही.

म्हणजे 'शांततेनं काय भेटलं' असं विचारणाऱ्या पोराच्या आईचं शिक्षण त्या आगीत गेलेलं आहे. त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

आता अभ्यासकांकडे येऊ. टेड गर या अमेरिकन अभ्यासकाचं १९७० चं एक गाजलेलं पुस्तक आहे, माणसं बंड का करतात यावर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस नुसत्या गरिबीमुळे हिंसक होत नाही. आपल्याला जे मिळायलाच हवं असं त्याला वाटतं आणि प्रत्यक्षात जे मिळतं, यातलं अंतर वाढलं की तो चिडतो. याला सापेक्ष वंचितता म्हणतात.

हे वाचताना मी थांबलो. कारण मला वाटलं होतं की हा सिद्धांत आपल्या चिडलेल्या पोरांबद्दल बोलेल. पण १९७८ ला तो लावून पाहा. त्या वर्षी मराठवाड्यात सर्वांत वंचित कोण होतं? बौद्ध. आणि हिंसक कोण झालं? ज्यांच्याकडे जमीन होती, गावकी होती, पाटीलकी होती, ते. त्यांची पोरं नुकतीच शिकू लागली होती, नोकऱ्या नव्हत्या. १९७४ साली मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी बेकारी आणि विकासाच्या प्रश्नावर मोठं आंदोलन केलं होतं, तो प्रश्न तसाच पडून होता. अशात कालपर्यंत वाड्यासमोरून चप्पल हातात घेऊन जाणाऱ्याचा मुलगा मिलिंद कॉलेजात शिकून साहेब होऊन गावात येतो, हे डोळ्यांत खुपलं. 'आपलं' विद्यापीठ 'त्यांच्या' नावाचं होणार, ही त्या खुपण्यावरची ठिणगी होती. त्यांचं काही हिरावून घेतलं जात नव्हतं. फक्त जन्मानं मिळालेली उंची कमी होत होती, आणि उंची कमी होणं यालाच ते अन्याय समजले.

तेव्हा गरचा सिद्धांत जाळणाऱ्यांना लागू पडतो. पण गेल्या ४७ वर्षांत त्या जाळणाऱ्या जमावाला कुणी 'अतिरेकी' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांना 'प्रक्षुब्ध जमाव' म्हणतात, 'नामांतरविरोधी भावना' म्हणतात. भावना! आमच्या पोराच्या मोबाईलवरचा अंगठा कट्टरता आणि गावच्या गाव जाळणं म्हणजे भावना.

हे मी एकदा अक्कासमोर बोललो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाळणाऱ्याला कुणी विचारलं का रे, तू का जाळलंस म्हणून? मग माझ्याच पोराला कशाला विचारत बसलेत?"

चौथी पास बाईनं एका अख्ख्या विद्याशाखेवरचा आक्षेप एका वाक्यात मांडला. आज जगातले टीकाकार हेच म्हणतात: रॅडिकलायझेशनचा अभ्यास नेहमी खालच्याकडे, संशयिताकडे भिंग धरतो. सत्तेचं आणि बहुसंख्याकांचं टोकाला जाणं त्या भिंगाखाली क्वचितच येतं.

पण म्हणून हा सगळा अभ्यास फेकून द्यायचा का? नाही. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या फार कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट क्लार्क मॅकॉली आणि सोफिया मोस्कालेन्को या अभ्यासकांची. ते म्हणतात, विचारांचा पिरॅमिड वेगळा आणि कृतीचा पिरॅमिड वेगळा. जहाल विचार करणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे आयुष्यात कधीही हिंसा करत नाहीत. म्हणून जहाल बोलतो तो उद्या हिंसा करणार, असं गणित मांडता येत नाही. याचा पुरावा हवा असेल तर आपल्याच घरात पाहा. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांची भाषा आठवा. त्या भाषेनं मध्यमवर्गाची झोप उडाली होती. पण त्या संतापाचं काय झालं? कविता झाल्या, मोर्चे झाले, गावोगावच्या अत्याचारांवर धावून जाणं झालं. आणि १९७४ च्या जानेवारीत वरळी-परळ भागात मेला कोण? मोर्चात चालणारा भागवत जाधव. जहाल भाषा आपली होती, दगड त्यांचा होता.

दुसरी गोष्ट फताली मोघद्दम या मानसशास्त्रज्ञाची. २००५ साली त्यांनी एक जिना मांडला. तळमजल्यावर लाखो लोक असतात, ज्यांना वाटतं की आपल्याला न्यायानं वागवलं जात नाही. त्यातले काही वरच्या मजल्यावर चढतात आणि दारं शोधतात: तक्रार कुठे करता येईल, आपलं म्हणणं कोण ऐकेल, प्रगतीची वाट कुठली. दार उघडं मिळालं तर माणूस तिथून आत जातो. बंद मिळालं तर आणखी वर चढतो. जितकं वर जावं तितकी दारं कमी आणि जिना अरुंद. शेवटच्या, पाचव्या मजल्यावर एकच दार उरतं, मारण्याचं आणि मरण्याचं. आणि मोघद्दम सांगतात की वरच्या मजल्यावरच्या माणसांना पकडत बसून हा प्रश्न सुटत नाही, तळमजला दुरुस्त करावा लागतो.

हा जिना वाचताना मला २५ नोव्हेंबर १९४९ आठवला. संविधान सभेतलं बाबासाहेबांचं शेवटचं मोठं भाषण. त्यातला एक भाग आपल्याला सगळे ऐकवतात. पोलीस अधिकारी शांतता समितीच्या बैठकीत ऐकवतात, संपादक अग्रलेखात ऐकवतात, मंत्री जयंतीला ऐकवतात: बाबासाहेबांनी सांगितलंय, रक्तरंजित मार्ग सोडा, संवैधानिक मार्गानं जा, बाकी सगळं अराजकाचं व्याकरण आहे. बरोबर आहे, ते त्यांनी सांगितलं. पण त्याच म्हणण्यात एक अट होती: संवैधानिक मार्ग खुले असताना. आणि त्याच भाषणात पुढे त्यांनी इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकरात लवकर संपवली नाही, तर विषमतेनं पिडलेले लोक या सभेनं कष्टानं उभारलेला लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील.

हा रॅडिकलायझेशनचा सिद्धांत नाही तर काय आहे? गरच्या आधी २१ वर्षं आणि मोघद्दम यांच्या आधी ५६ वर्षं. बाबासाहेबांनी नागरिकाला सांगितलं, दारानं जा. आणि राज्याला सांगितलं, दार उघडं ठेव, तळमजला दुरुस्त कर. हा दोन बाजूंचा करार आहे. आपल्याला मात्र त्यातली आपली बाजू तेवढी पाठ करायला लावली जाते, त्यांची बाजू कुणी वाचतच नाही.

राज्यानं त्यांची बाजू कशी पाळली? इटली आणि जर्मनीतल्या चळवळींचा अभ्यास करून दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनी १९९५ मध्ये दाखवलं की पोलीस आंदोलनाला कसं वागवतात यावर त्या आंदोलनातले तरुण कुठे जातात हे बरंच ठरतं. साध्या मोर्च्यालाही शत्रू समजून झोडलं की चळवळीतले मवाळ घरी बसतात आणि छोटे गट टोकाला जातात. आपल्याकडे काय झालं? १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला अभिवादनाला गेलेल्यांवर हल्ले झाले. आणि ६ जून २०१८ पासून अटका सुरू झाल्या त्या लेखक, वकील, प्राध्यापकांच्या. सुधीर ढवळे याआधी २०११ साली पकडले गेले होते, ४० महिने तुरुंगात काढून २०१४ मध्ये निर्दोष सुटले होते. त्यांना पुन्हा आत टाकलं, ते जानेवारी २०२५ मध्ये जामिनावर बाहेर आले. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना ज्या दिवशी स्वतःला यंत्रणेच्या हवाली करावं लागलं, ती तारीख होती १४ एप्रिल २०२०. बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, 'कडव्या डाव्या' विचारसरणीच्या संघटनांना आवरण्यासाठी म्हणून. कडवं म्हणजे किती कडवं आणि ते ठरवणार कोण? अभ्यास सांगतो की विचाराच्या पिरॅमिडवरून कृतीचा पिरॅमिड ओळखता येत नाही, आणि कायदा विचारसरणीचं नाव घेऊनच सुरू होतो.

या शहरात नागसेनवन आहे. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथे कॉलेज सुरू केलं आणि पुढे त्याला नाव मिळालं मिलिंद. आपण ते नाव रोज घेतो, पण त्यामागची गोष्ट विसरतो. मिलिंद राजा भिक्खू नागसेनाशी वाद करायला येतो. नागसेन विचारतात, तू पंडितासारखा वाद करणार असशील तर करतो, राजासारखा करणार असशील तर नाही. पंडिताच्या वादात एकजण हरतो, चूक कबूल करतो, आणि तरी रागावत नाही. राजाच्या वादात मात्र जो विरोधात बोलेल त्याला शिक्षा होते. मिलिंद पंडिताच्या वादाला तयार होतो. आजचं राज्य आपल्याशी राजासारखा वाद करतं, आणि वर विचारतं की पोरं इतकी चिडलेली का?

इथवर वाचून काहींना वाटेल, मग भाच्याचंच बरोबर आहे. नाही. इथेच मला त्याच्याशी आणि माझ्या काही मित्रांशी भांडायचं आहे.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातल्या जगभरच्या ३२३ लढ्यांचा अभ्यास केला. अहिंसक लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी झाले, हिंसक लढ्यांपैकी २६ टक्के. त्यांनी दिलेलं मुख्य कारण आपल्याला सहज पटेल: अहिंसक लढ्यात सगळ्यांना येता येतं. १४ जानेवारीला गेटवर पाहा. कडेवर लेकरू घेतलेली बाई, काठी टेकत आलेला म्हातारा, कॉलेजची पोरगी, शाळेचा शिक्षक, सगळे आहेत. उद्या आपण दगडाची भाषा धरली तर यातले नव्वद टक्के लोक घरी जातील आणि वीस-पंचवीस वर्षांची पोरं तेवढी उरतील. तीच पोरं जी वस्तीतली पहिली पदवीधर आहेत. तीच तुरुंगात जातील. आपली लाखांची ताकद आपण आपल्या हातानं शेकड्यांवर आणू, आणि समोरच्याला हवं ते निमित्त आयतं देऊ. परभणीत काही जणांनी केलेल्या तोडफोडीचं बिल कुणी भरलं? वस्तीतल्या बायांनी. लाठीचा दोष लाठी चालवणाऱ्याचाच आहे, त्यात मी तसूभरही सूट देत नाही. पण निमित्त देणं हा शहाणपणा नव्हे.

आणि अहिंसा म्हणजे भित्रेपणा असं ज्याला वाटतं त्यानं महाड वाचावं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. परिषदेला आलेल्यांमध्ये लष्करातून निवृत्त झालेले अनेकजण होते. मारायचं कसं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पण आवरून ते गप्प बसले का? हल्लेखोरांवर खटला झाला, काहींना शिक्षा झाली. तळ्याचा दावा दहा वर्षं लढवला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. संयम आणि पाठपुरावा अशी ती जोडगोळी होती. आपण त्यातला संयम घेतला आणि पाठपुरावा सोडला. आपण निषेध करतो, फोटो टाकतो, पुढच्या घटनेकडे जातो. पोरांना शांतता पोकळ वाटते ती यामुळे. मोघद्दम यांच्या जिन्यावर उघडं दार शोधणारं पोरगं आधी आपल्याकडेच येतं. आपण त्याला काय देतो? एक गट दुसऱ्या गटाला दलाल म्हणतो ते ऐकवतो. पोरांना टोकाला नेण्यात आपल्या फाटाफुटीचाही वाटा आहे.

आता नामांतराच्या शेवटाकडे येतो, कारण संघर्ष मिटणं म्हणजे काय हे आपल्याला तिथेच शिकता येतं. १९७९ चा लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंग, बाबा आढावांसारख्या बौद्धेतर कार्यकर्त्यांनी दिलेली साथ, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी केलेलं आत्मदहन. सोळा वर्षं. मग १४ जानेवारी १९९४ ला नामांतराऐवजी नामविस्तार झाला: 'मराठवाडा' राहिलं आणि त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठही झालं. तडजोड होती, पण मी तिला कमी लेखत नाही. तो विजय आहे आणि रक्तानं मिळवलेला आहे.

पण योहान गाल्टुंग या नॉर्वेजियन अभ्यासकानं १९६९ सालीच एक भेद करून ठेवला आहे. मारामारी थांबली ही नकारात्मक शांतता. मारामारीमागचा अन्याय संपला ही सकारात्मक शांतता. १९९४ नं पहिली दिली. दुसरी?

आमच्या घरचंच सांगतो. आमचं घर जाळणाऱ्या जमावात कोण कोण होतं हे वडिलांना माहीत होतं. १९९५ साली त्यातलाच एक माणूस मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन दारात आला. वडील लग्नाला गेले, आहेर केला, जेवून आले. दोघं पुढे वीस वर्षं एकमेकांना रामराम-जयभीम करत राहिले. त्या रात्रीबद्दल एक शब्द दोघांमध्ये निघाला नाही. वडील वारले तेव्हा तो माणूस मातीला आला होता, रडला. का रडला ते मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

गावागावात अशी न बोललेली शांतता आहे. ती किती पातळ आहे हे एखादा झेंडा, एखादं गाणं, एखादं स्टेटस दाखवून देतं.

याच्या उलट मार्ग बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवला आहे. शाक्य आणि कोलियांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण. संघात युद्धाचा ठराव येतो. सिद्धार्थ उभा राहून काय म्हणतो? सगळं विसरा, एकमेकांना मिठ्या मारा, असं म्हणत नाही. तो म्हणतो, आधी चौकशी करा, दोष कुणाचा ते शोधा, आपलीही माणसं निर्दोष नाहीत असं ऐकतो. आपले दोन, त्यांचे दोन, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी निवाडा करावा. बहुमत त्याच्या विरोधात जातं, त्याला घर सोडावं लागतं, पण तो तलवार घ्यायला नकार देतो. पुढे ते युद्ध टळतं आणि कायमचं लवाद मंडळ नेमण्याची गोष्ट निघते. जगातल्या विद्यापीठांत आज संघर्ष-निराकरणाचे जे धडे शिकवतात त्यांतलं मुख्य सूत्र या गोष्टीत आहे: आधी सत्य, मग दोन्ही बाजूंना मान्य होईल असा न्याय, मग शांतता. क्रम उलटा केला की नुसतं पांघरूण उरतं. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेनं डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसवला. तो अपुरा होता असं तिथले काळे लोकच म्हणतात. पण निदान आयांना माइकसमोर बसून सांगता आलं की माझ्या पोराला असं मारलं. अक्काला तिच्या दाखल्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही.

महाराष्ट्रातही करून दाखवलेलं उदाहरण आहे. १९८४ मध्ये दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी सहा शहरांच्या अभ्यासातून हेच मांडलं: ज्या शहरात दोन समाजांची माणसं संघटना, धंदा, संस्थांमधून एकमेकांत गुंतलेली असतात, तिथे अफवा पेट घेत नाही. आज मराठवाड्यात मराठा-ओबीसी ताण गावच्या पारापर्यंत पोचला आहे. उद्या त्याचा चटका आपल्याच वस्तीला बसणार. गावात अशी समिती बसवायला आपण कुणाच्या परवानगीची वाट पाहतोय?

तर भाच्याला मी काय उत्तर दिलं? जुलै २०२५ मध्ये त्याचाच फोन आला. सोमनाथच्या आई विजयाबाई सूर्यवंशी यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला होता. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. बाजू मांडायला ॲड. प्रकाश आंबेडकर उभे होते. मी म्हणालो, "बघ, हे दार उघडलं. दगडानं नाही, अर्जानं उघडलं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, पोरगं गेल्यावर नुसता गुन्हा नोंदवायला एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. याला दार म्हणायचं का फट?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं कबूल केलं. फटच आहे. पण ती फट रुंद करायला वकील लागतात, म्हणून तू वकील हो. एवढंच म्हणालो. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सध्या दर रविवारी एका वस्तीत बसून लोकांचे अर्ज लिहितो. ग्रुपमध्ये अजून आहे की नाही, मी विचारलेलं नाही. त्याचा फोन तपासणारा दुसरा पोलीस मला व्हायचं नाही.

वाचणाऱ्या कार्यकर्त्यांना तीन कामं सुचवतो. एक: प्रत्येक वस्तीत कायद्याचं काम करणारी चार पोरं-पोरी तयार करा, निषेधसभा एक कमी झाली तरी चालेल. दोन: १९७८ पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, गाव आणि तारीख टाकून ठेवा. अत्याचार विरोधी समितीनं १९७९ मध्ये अहवाल काढला होता, तसं काम आपण पुन्हा करायला घेतलं पाहिजे. तीन: चिडलेल्या पोराला बाबासाहेबांचं अर्धं भाषण ऐकवू नका. पूर्ण वाचायला द्या आणि त्याच्याशी नागसेनासारखं बसा. तो चुकला तर दाखवा, तुम्ही चुकलात तर कबूल करा.

मी अक्कापासून सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी ती दोन तास बोलली. शेवटी विचारलं, "हे सगळं लिहून कुणाला देणार?"

म्हटलं, आधी तुझ्या पोराला.

जयभीम.